भुलीच्या इंजेक्शनात मिसळलेलं ते थेंबभर औषध

कातळफूल
सोमवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात सीझर झालेल्या एका बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेले. बाळाला मांडीवर घेऊन ती नीट बसली होती. शेजारी तिची थोरली बहीण. ती मला म्हणाली, "मॅडम, माझं पण सीझरच झालं होतं, कमरेतच इंजेक्शन. पण मी तीन तासांनी कण्हायला लागले ते पार उजाडेपर्यंत. हिला काय वेगळं दिलंत?"

वेगळं होतं ते एवढंच की मुख्य औषधात मी शंभर मायक्रोग्रॅम मॉर्फिन मिसळलं होतं. एका ग्रॅमचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग.

गेली अठरा वर्षं कोकणात भूल देते. स्वतःची बॅग घेऊन चार-पाच दवाखान्यांत फिरते. सर्जन कोण, याची लोक दहा ठिकाणी चौकशी करतात, पण भूल कोण देणार, ती उतरल्यावर काय, हे जवळजवळ कुणीच विचारत नाही. त्या थोरल्या बहिणीची ती रात्र टाळता आली असती, हे माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

कमरेतून देतात त्या भुलीत, म्हणजे स्पायनलमध्ये, मुख्य औषध असतं ब्युपिव्हाकेन. आपल्याकडे त्यात साखर घालून जड केलेलं वापरतात, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) त्याला नुसतं 'हेवी' म्हणतात. सीझरला साधारण दोन मिली पुरतं. कंबरेखालचा भाग बधिर होतो, दोन-तीन तासांनी बधिरपणा उतरतो आणि मग टाक्यांची वेदना एकदम अंगावर येते. बाई घाबरते ती तेव्हा, कारण ऑपरेशन चालू असताना तिला काहीच कळलेलं नसतं.

इथे पूरक औषधं कामाला येतात. एकट्याने भूल देणं हे त्यांचं काम नाही. मुख्य औषध लवकर चढावं, खोल जावं, जास्त वेळ टिकावं, किंवा ते उतरल्यावरही वेदना दबलेली राहावी, यासाठी ती असतात. मुख्य औषधाचा डोस कमी ठेवता येतो, म्हणजे बीपीही फारसं उतरत नाही.

फेंटानिल आणि मॉर्फिन ही दोन्ही अफूच्या घराण्यातली, पण त्यांची चाल वेगळी. फेंटानिल चरबीत सहज विरघळतं. दहा-पंधरा मायक्रोग्रॅम घातलं की पाच-दहा मिनिटांत काम सुरू. सीझरमध्ये गर्भाशय बाहेर ओढून टाके घालतात तेव्हा पोटात जी विचित्र ओढ, मळमळ जाणवते, ती यामुळे बरीच कमी होते. पण दोन-चार तासांत त्याचा जोर संपतो. मॉर्फिन पाण्यात राहणारं. ते मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात तासन् तास रेंगाळतं आणि मज्जारज्जूच्या मागच्या भागात, जिथून वेदनेचा निरोप मेंदूकडे चढतो, तिथेच त्याला अडवतं. म्हणून शिरेतून दिलेलं दहा मिलिग्रॅम जे चार तास करतं, ते इथे त्याचा शंभरावा भाग अठरा-वीस तास करतो.

या रेंगाळण्यातच धोकाही आहे, श्वास मंदावण्याचा, त्यावर पुढे लिहिते. प्रश्न असतील तर विचारा. नावं, दवाखाने लिहू नका.

---

रानजाई
सोमवार, रात्री १०:१५

डॉक्टर, तुम्ही हे लिहिलंत म्हणून मला सहा वर्षांनी उत्तर मिळतंय. माझ्या सीझरनंतर दुखलं अजिबात नाही, पण नाकाला, गालांना, छातीला इतकी खाज सुटली की मी नाक ओरबाडून लाल केलं. मला वाटलं औषधाची रिअ‍ॅक्शन आली, आता घसा बंद होणार. बाळाला जवळ घ्यायचं सोडून मी आरसा मागत होते. सिस्टर म्हणाल्या, "पावडर लावा, जाईल." दुसऱ्या दिवशी गेली. पण ते काय होतं हे मला कुणीही सांगितलं नाही. डिस्चार्ज कार्डावर मी 'अ‍ॅलर्जी: भुलीचं इंजेक्शन' असं लिहून घेतलंय आणि आजवर प्रत्येक डॉक्टरला तेच सांगत आलेय.

---

कातळफूल
सोमवार, रात्री १०:५०

रानजाई ताई, तुमचं वर्णन वाचून जवळजवळ खात्री वाटते की ते मॉर्फिनच. नाक आणि चेहऱ्यापासून सुरू होणारी, अंगावर गांधी न उठणारी खाज ही त्याची ओळखीची खूण आहे. ही अ‍ॅलर्जी नव्हे. औषध मेंदूच्या दिशेने वर चढताना तिथल्या नसांवर जे करतं त्यातून ती येते. म्हणूनच अ‍ॅलर्जीच्या गोळीने झोप येते, खाज फारशी जात नाही. फार त्रास असेल तर नॅलोक्सोनचा (अफूच्या औषधांवरचा उतारा) अगदी छोटा डोस किंवा नालब्युफिन देतात, त्याने खाज जाते आणि वेदनाशमन टिकतं.

त्या डिस्चार्ज कार्डाचा जुना भुलीचा कागद मिळतो का बघा. तुमच्या भागातल्या भूलतज्ज्ञांना दाखवून ती नोंद दुरुस्त करून घ्या. पुढे कधी ऑपरेशन लागलं तर 'भुलीची अ‍ॅलर्जी' या दोन शब्दांमुळे चांगला पर्याय हातचा जाईल.

आणि हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मी आता टेबलावरच सांगते: "रात्री नाक खाजलं तर घाबरू नका." एवढं वाक्य पुरतं.

---

यॉर्कशायरकर
मंगळवार, पहाटे ३:०५

इथे इंग्लंडमध्ये माझ्या बायकोला स्पायनलमध्ये डायमॉर्फिन दिलं, ३०० मायक्रोग्रॅम. इथे सीझरसाठी ते नेहमीचं आहे. डायमॉर्फिन म्हणजे हेरॉइनच, वैद्यकीय शुद्धतेचं. पुण्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या हादरल्या, "बाळाला दूध पाजू देऊ नका" म्हणाल्या. दोन दिवस घरात त्यावरून ताण होता. मिडवाइफने समजावलं की पाठीतून दिलेल्या एवढ्या डोसचं दुधात काही मोजण्यासारखं उतरत नाही. पण तोवर बायकोने तीन वेळा बाळाला बाटलीच दिली होती. ते मला अजून लागतं.

---

कातळफूल
मंगळवार, सकाळी ७:२०

मिडवाइफ बरोबर होत्या. उलट ज्या बाईला दुखत नाही ती लवकर उठून बसते, बाळाला छातीशी धरते. वेदनेने वाकलेल्या बाईला पहिलं दूध पाजणं किती अवघड जातं ते वॉर्डात दिसतं.

---

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी २:३०

मॅडम, मी विदर्भातल्या एका मेडिकल कॉलेजात भूलशास्त्राचा रेसिडेंट, तिसरं वर्ष. तुम्ही मॉर्फिन-फेंटानिलवर थांबलात, पण आमच्याकडे रोजच्या वापरात डेक्समेडेटोमिडीन आणि क्लोनिडीन आहेत, त्यावर लिहा ना. स्पायनलमध्ये पाच मायक्रोग्रॅम डेक्समेडेटोमिडीन घातलं की भूल कितीतरी लांबते, खाज नाही, श्वास दबत नाही, थरथरही कमी होते. माझा थिसिसही याच औषधावर आहे.

आणि खरं कारण सांगू? फेंटानिल कुलपात असतं. रजिस्टर, सह्या, रिकामी अँपूल (औषधाची काचेची कुपी) परत मोजून देणं. रात्री दोनला किल्ली कुणाकडे आहे ते शोधण्यात वीस मिनिटं जातात. ज्या छोट्या गावात मी पुढे जाणार आहे तिथे तर ते असेलच असं नाही. डेक्समेडेटोमिडीनला यातलं काही लागत नाही.

---

कातळफूल
मंगळवार, रात्री ९:१०

रात्रपाळी, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मला तो दुखतो. आपल्याकडे १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा आला, त्यानंतर कितीतरी वर्षं एकेका राज्यात मॉर्फिनसाठी चार-चार परवाने लागायचे. २०१४ ची दुरुस्ती झाली, मॉर्फिन, फेंटानिलसह सहा औषधं 'अत्यावश्यक' यादीत आली, सगळ्या देशात एकच नियम झाला, मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना पुरतो. पण कागद सोपा झाला तरी भीती गेली नाही. मी जाते त्यातल्या दोन दवाखान्यांनी परवाना काढलेलाच नाही. "कशाला झंझट" म्हणतात. त्या झंझटीची किंमत वॉर्डातली बाई मोजते.

आता डेक्समेडेटोमिडीन. क्लोनिडीन हे बीपीचं जुनं औषध, डेक्समेडेटोमिडीन त्याच जातीचं पण जास्त नेमकं. अमेरिकेत १९९९ साली त्याला परवानगी मिळाली ती आयसीयूतल्या रुग्णांना शांत ठेवण्यासाठी, शिरेतून. पाठीच्या पाण्यात घालण्याची परवानगी त्याच्या लेबलवर नाही. लेबलबाहेरचा वापर म्हणजे गुन्हा नव्हे, आपण कितीतरी औषधं तशी वापरतो. पण मज्जारज्जूच्या शेजारी काहीही टाकताना मी सगळ्यात जुन्या, सगळ्यात जास्त वापरलेल्या औषधाकडे जाते. तिथली चूक परत घेता येत नाही.

शिवाय ते फक्त वेदना लांबवत नाही, पायांचा जडपणाही लांबवतं. आणि नाडी खाली येते. तरुण माणूस सोसेल, पण सत्तरीच्या, आधीच बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारी गोळी) घेणाऱ्या आजोबांची नाडी ४० पर्यंत उतरलेली मी पाहिली आहे. हाताच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे नसांशेजारी औषध टोचून फक्त हात बधिर करतात त्यात, मात्र मी ते आवडीने वापरते.

---

रात्रपाळी
मंगळवार, रात्री ११:४५

मान्य, वयस्कर रुग्णांबाबत तर पूर्णच. पण जिथे फेंटानिल नाही आणि रात्रभर श्वास मोजायला माणूसही नाही, तिथे मॉर्फिनपेक्षा हे बरं असं मला अजूनही वाटतं. नाडी मी टेबलावर डोळ्यांनी बघू शकतो, नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी असतं. मॉर्फिनचा धोका मी घरी गेल्यावर येतो.

---

कातळफूल
बुधवार, सकाळी ६:५५

तुमचं हे शेवटचं वाक्य पटलं. जिथे रात्री लक्ष ठेवायला कुणी नाही तिथे मीही मॉर्फिन देत नाही. फेंटानिल असेल तर तेवढंच, आणि पोटाच्या भिंतीतला ब्लॉक.

---

सातविण
बुधवार, दुपारी ४:००

मी एकतीस वर्षं स्टाफ नर्स होते, आता निवृत्त. श्वास मोजायचा विषय निघाला म्हणून लिहिते.

पाठीतून मॉर्फिन दिलेला पेशंट वॉर्डात आला की आमच्या जुन्या मेट्रन सांगायच्या, चोवीस तास हा तुमचा. हे औषध हळूहळू मेंदूकडे चढतं आणि श्वास मंदावतो तो सहा, आठ, बारा तासांनी, म्हणजे नेमका रात्री, जेव्हा नातेवाईक खूश असतात की "बघा, किती शांत झोपलीय." आधी झोप खोल होते, मग श्वास कमी होतो. म्हणून नुसतं मशीनच्या आकड्याकडे बघायचं नाही. ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचा आकडा शेवटपर्यंत ९८ दाखवतो. हाक मारायची. डोळे उघडून नीट उत्तर दिलं तर ठीक. मग छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. दहाच्या खाली गेले की ऑक्सिजन, उठवणं, डॉक्टरांना फोन आणि नॅलोक्सोन भरून तयार. माझ्या एकतीस वर्षांत ते दोनदा द्यावं लागलं, दोन्ही बायका ठणठणीत घरी गेल्या. कारण कुणीतरी बघत होतं.

दुसरी गोष्ट अँपूलची. ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव थांबवायचं औषध, सीझरला तेही टेबलावर असतं. काही कंपन्यांच्या अँपूल हेवीच्या अँपूलसारख्याच दिसतात. शिरेऐवजी ते पाठीत गेलं तर झटके येतात, हृदयाचा ताल बिघडतो आणि अशा घटनांत जवळजवळ निम्मे रुग्ण दगावले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये यासाठी वेगळा इशारा दिला होता. मी ज्या ओटीत होते तिथे एकदा हे सिरिंजमध्ये भरलं गेलं होतं, टोचायच्या आधी लक्षात आलं. त्या दिवसापासून मी ट्रॅनेक्झामिक दुसऱ्या कपाटात ठेवायला लावलं आणि हेवी फोडताना नाव मोठ्याने वाचायचं, दोघांनी. नव्या मुलींना ते बोलणं वेडेपणाचं वाटायचं, तरी मी सोडलं नाही.

---

कातळफूल
बुधवार, रात्री ८:३०

सातविण सिस्टर, तुम्ही लिहिलंय ते मी प्रिंट काढून ओटीच्या दारावर लावणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

मोजमापाबद्दल एकच भर. मॉर्फिनच्या एका अँपूलमध्ये दहा-पंधरा मिलिग्रॅम असतं, म्हणजे पाठीतल्या शंभर-दीडशे डोसांइतकं. त्यातून एका डोसाइतकं काढायचं तर दोनदा पातळ करावं लागतं, आणि एका शून्याची चूक म्हणजे दहापट औषध. त्यात अँपूलमध्ये टिकवण्यासाठी काही घातलेलं नसलेलंच पाठीत चालतं. घाईच्या वेळी, एकटी असताना मी ते मिसळतच नाही.

---

दंतकथा
गुरुवार, सकाळी ११:२०

मी डेंटिस्ट. आमच्या दातांच्या इंजेक्शनातही पूरक औषध असतंच, फक्त लोकांना माहीत नसतं. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन, बहुतेक वेळा ऐंशी हजारात एक भाग. ते आसपासच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून औषध जागेवर टिकतं, रक्तही कमी येतं. जर्मन सर्जन हाइनरिश ब्राउन यांनी १९०३ च्या सुमारास ही युक्ती रुळवली, आज सव्वाशे वर्षांनीही तीच चालू आहे. इंजेक्शननंतर छातीत धडधडलं की पेशंट म्हणतात, "मला भूल सोसत नाही." ती धडधड अ‍ॅड्रेनॅलिनची असते, पाच-दहा मिनिटांत जाते. हृदयविकार असेल तर आधी सांगा, आम्ही कमी किंवा बिनाअ‍ॅड्रेनॅलिनचं देतो.

टोचताना जे चरचरतं ते औषध आम्लधर्मी असतं म्हणून. थोडा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, मिसळला तर चरचर कमी होते आणि भूल लवकर चढते. मात्र ब्युपिव्हाकेनमध्ये तो जरा जास्त पडला तर साका तयार होतो.

---

कातळफूल
गुरुवार, दुपारी १:१५

इतिहास निघालाच आहे तर हेही सांगते. आउगुस्ट बिअर यांनी जर्मनीत कील इथे १८९८ मध्ये पहिली स्पायनल भूल दिली, कोकेनने. आणि १९०१ मध्येच राकोविचेआनू-पितेश्ती या रोमानियन सर्जनने कोकेनमध्ये मॉर्फिन मिसळल्याचं जाहीर केलं होतं. मग ते मागे पडलं. अफूची औषधं शरीरात नेमकी कुठे बसतात त्या जागा १९७३ मध्ये सापडल्या आणि १९७९ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी पाठीतून मॉर्फिन पुन्हा दिलं गेलं. मधल्या पाऊणशे वर्षांत किती जणांनी ती रात्र काढली असेल, हा विचार मनात येतोच.

---

उंबरझरा
गुरुवार, रात्री १०:००

मी चार दिवसांपासून नुसता वाचतोय. आईची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया सोमवारी आहे. वय ७२, साखर आहे, गोळ्या चालू. सर्जनने पॅकेज समजावलं, भुलीचा विषय "कमरेतून देतील" एवढ्यावर संपला. आम्ही काय विचारायचं? रविवारी भुलीची तपासणी आहे.

---

कातळफूल
गुरुवार, रात्री १०:३५

आधी मी तुम्हाला विचारते. आई घोरते का? झोपेत श्वास अडकून दचकून उठते का? दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का?

---

उंबरझरा
गुरुवार, रात्री १०:४०

घोरते म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू येतं. मध्येच एकदम थांबतं, मग मोठा श्वास घेऊन पुन्हा सुरू. आम्हाला त्याची सवय झालीय. हे सांगायचं असतं हे माहीत नव्हतं.

---

कातळफूल
गुरुवार, रात्री ११:१०

हेच पहिलं सांगा, साखरेच्याही आधी. अशा माणसाला पाठीतून मॉर्फिन देताना मी फार विचार करेन, बहुधा देणार नाही. जे वर्णन तुम्ही केलंत ते झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं असू शकतं आणि मॉर्फिन त्यात भर घालतं.

मग पर्याय काय, हे रविवारी विचारा. गुडघ्यासाठी मांडीच्या आतल्या बाजूला सोनोग्राफीने बघून ब्लॉक देतात, त्यात पायाची ताकद बरीचशी शाबूत राहते, लवकर चालवता येतं. त्याला जोडून डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शन देतात, ब्लॉक काही तास जास्त टिकतो, उलट्याही कमी. ते नसेच्या शेजारीच घालायला हवं असं नाही, शिरेतून दिलं तरी बराचसा तोच फायदा मिळतो आणि मला तेच बरं वाटतं. पण ते स्टेरॉइड आहे, साखर वाढवतं, एक दिवस तरी. द्यायचं की नाही, किती द्यायचं हे तिची साखर बघून तिथले डॉक्टर ठरवतील. तुम्ही रात्री साखर तपासायची आठवण ठेवा.

आणखी एक, हे लोक विसरतात. ब्लॉक उतरतो तेव्हा वेदना हळूहळू येत नाही, धाडकन येते. पॅरासिटामॉल वगैरे जे ठरलं असेल ते दुखायच्या आधी, घड्याळाप्रमाणे सुरू हवं. "दुखत नाही तर कशाला औषध" असं आई म्हणेल. तरी द्यायला लावा.

---

रानजाई
शुक्रवार, सकाळी ९:३०

उंबरझरा, आईंना शुभेच्छा. माझं कार्ड दुरुस्त झालं. जुना भुलीचा कागद दवाखान्याने शोधून दिला, त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, मॉर्फिन. इथल्या भूलतज्ज्ञांनी 'अ‍ॅलर्जी' खोडून 'मॉर्फिनने खाज' असं लिहून सही केली.

---

उंबरझरा
बुधवार, दुपारी ३:२०

सोमवारी झालं. उशिरा लिहितोय, हॉस्पिटलातच आहे.

रविवारी भूलतज्ज्ञांना घोरण्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, आईला अजून पाच-सहा प्रश्न विचारले, मान किती वळते ते पाहिलं आणि आधी लिहिलेली एक ओळ खोडली. कोणती ते मी विचारलं. म्हणाले, "रात्रीसाठी मॉर्फिन घालणार होतो, आता नको. फेंटानिल अगदी थोडं, आणि ब्लॉक." डेक्सामेथासोन शिरेतून, चार मिलिग्रॅमच.

सोमवारी रात्री साखर २४८ होती, इन्सुलिन दिलं, मंगळवारी संध्याकाळपर्यंत १६० वर आली. आई रात्री आठलाच म्हणाली, "मला काही होत नाहीये, गोळी नको." मी तुमचं वाक्य म्हटलं आणि गोळी दिली. ब्लॉक पहाटे चारच्या सुमाराला उतरला. दुखलं, तिने माझा हात घट्ट धरला, पण ओरडली नाही. सिस्टरनी पुढचा डोस दिला आणि अर्ध्या तासात ती घोरायला लागली. मी बसून तिचे श्वास मोजले, पूर्ण मिनिट, दोनदा. चौदा आणि पंधरा.

काल सकाळी वॉकर धरून दारापर्यंत गेली.